मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र (बायबल) : दहा महिने रोज वाचल्यावर

आधी अक्षरांचं सांगते, कारण विकत घेणाऱ्याला तेच जाणून घ्यायचं असतं. माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि उजव्याचा पडदा मधुमेहानं खराब झालाय. जुन्या शास्त्रात रफार कुठला आणि अनुस्वार कुठला, कळेनासं झालं होतं. ‘आनंद’वरचा टिंब दिसायचाच नाही. या प्रतीत टिंब टपोरे आहेत, ‘द्ध’ आणि ‘ष्ठ’ एकमेकांत शिरत नाहीत. खिडकीपाशी बसून, भिंग न घेता, मी अर्धा तास वाचते. दोन वर्षं हे बंद होतं.

तळटीपा मात्र पूर्वीसारख्याच बारीक, माझ्या उपयोगाच्या नाहीत. कागद पातळ असल्यानं मागची छपाई पुढे उमटते. मी पानामागे काळा पुठ्ठा सरकवते, मग त्रास होत नाही. वजन घरच्या काट्यावर दोन किलोला थोडं कमी भरलं. आडवं पडून वाचता येणार नाही, मांडीवर उशी आणि उशीवर पाट लागतो. खुणेची फीत एकच आहे. मी ब्लाऊजची उरलेली लेस आतून शिवून टाकली, आता एक जुन्या करारात आणि एक नव्यात. बांधणी शिवलेली आहे, कुठेही उघडा, पान सपाट राहतं. दहा महिन्यांत एकही पान सुटलेलं नाही.

मधली दोन वर्षं मी मोबाईलवर शास्त्र ऐकत होते. आवाज चांगला होता, पण तो पुढे जायचा. एखादं वचन काळजाला लागलं आणि थांबवायला बटण शोधलं, की तोवर चार वचनं उलटलेली. त्याच काळात हे गेले.

पुस्तक आलं त्या आठवड्यात 16वं स्तोत्र वाचलं. ‘तुझ्या सन्निधीत पूर्णानंद आहे.’ पाठ असलेलं वचन, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, बक्षीस मिळवलेलं. पण मोठ्या अक्षरांत एका पानावर ओळीच थोड्या मावतात, त्यामुळे घाई होत नाही. मी 31 वर्षं नर्स होते. वॉर्डात औषध दिलं की चार्टवर खूण, तशीच माझी शास्त्रवाचनाची सवय : दिवसाला तीन अध्याय, झाली खूण. त्या दिवशी मी एवढ्या एका ओळीवर बसून राहिले. आनंद कशात, तर सन्निधीत. पेन्शनमध्ये नाही, पोरांच्या फोनमध्ये नाही, दुखणं थांबण्यातही नाही.

मग हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. शास्त्रातल्या 66 पुस्तकांत हे तीन अध्यायांचं चिमुकलं पुस्तक सापडायला वेळ लागतो, कडेला बोटखाचा असत्या तर बरं झालं असतं. शेवटच्या अध्यायात तो म्हणतो, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. आमची शेती पाथर्डीकडे, कोरडवाहू. 1972च्या दुष्काळात आमच्या दावणीला एकही जनावर उरलं नव्हतं आणि वडील रात्रीच्या प्रार्थनेत मोठ्यानं गात होते. मी चौदा वर्षांची होते. मला त्यांचा राग यायचा, गाण्यासारखं आहे काय घरात? ‘तरी’ हा शब्द तेव्हा मला दिसलाच नव्हता. आता घरात यांची खाट रिकामी आहे. रडू अजून येतं. आणि त्याच खाटेशेजारी बसून वाचताना असा आनंद होतो, की तो मी माझ्या मनातून काढलेला नाही एवढं मला नक्की कळतं.

पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण पुढे साक्ष देताना त्या म्हणाल्या की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी भेटला. माझी आजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तिच्याकडून हे लहानपणी ऐकलेलं. रमाबाईंसारख्या एवढ्या विदुषीचं असं कसं होईल, असं वाटायचं. चाळीस वर्षं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनात उभं राहिल्यावर, सगळी गीतं तोंडपाठ असताना, माझंही तेच झालं होतं.

घेणाऱ्यांनी एक करावं, दुकानात पानं चाळून बघावीत. मला मिळालेल्या पहिल्या प्रतीत यिर्मयाच्या पुस्तकात दोन पानं कोरी निघाली. दुकानदारानं काही न विचारता बदलून दिली. स्तोत्रसंहिता जरूर उघडून बघा, काही प्रतींत मधल्या पानांची शाई फिकट वाटली. ज्यांना संदर्भ लावून अभ्यास करायचा आहे त्यांनी नेहमीची प्रत घ्यावी. ज्यांचे डोळे थकलेत त्यांनी हीच.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. दुपारी चारला चहाला येतात. परवा त्यांनी माझ्या पाटावरचं स्तोत्र स्वतः, बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्या ओळीला थांबून म्हणाल्या, ‘अगं, मला दिसतंय.’ त्यांच्यासाठी दुसरी प्रत मागवली आहे. काळा पुठ्ठा मी कापून ठेवलाय.