शेततळ्यात मरळ सोडावी की देशी मागूर?

एप्रिल-मेमध्ये शेततळं कमरेएवढं उरतं, पाणी गडद हिरवं होतं आणि पहाटे रोहू-कटला तोंड वर काढून फिरू लागतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजनची भर घालतं आणि रात्री तेच तो संपवतं, त्यामुळे उजाडायच्या सुमारास पाण्यात जवळजवळ काही उरत नाही. पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचं, म्हणजे एअरेटरचं वीजबिल नको असेल तर वरून हवा घेणारा मासाच बरा. आपल्याकडे त्यातले विचार करण्याजोगे दोन, मरळ आणि देशी मागूर.

दोघांच्याही कल्ल्यांच्या वर हवेची पोकळी असते. मरळीची पोकळी साधी, आतून रक्तवाहिन्यांनी मढवलेली. मागूरच्या पोकळीत कल्ल्यांच्या कमानींपासून फुटलेली लालभडक झुडपं असतात. खरा फरक मात्र गरजेचा आहे. पाणी कितीही चांगलं असलं तरी मोठ्या मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला वर यावंच लागतं. मागूर पाणी चांगलं असेल तर तळाशी बराच वेळ पडून राहतो आणि ऑक्सिजन घटला की फेऱ्या वाढवतो. म्हणजे मागूर ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरचंही काम करतो. पहाटे काठावर उभं राहून पाच मिनिटांत किती वेळा ‘चुबुक’ होतं ते मोजावं. नेहमीपेक्षा दुपटीने ऐकू आलं तर त्या दिवशी खाद्य बंद. मरळ तशीही वर येतच असते, तिच्यावरून हा अंदाज नीट येत नाही.

इथे शेततळ्याची खोली आडवी येते. तीन मीटर खोल तळ्यात तळाशी बसणाऱ्या माशाला प्रत्येक घोटासाठी तीन मीटर वर आणि तीन मीटर खाली जावं लागतं. पांडियन आणि विवेकानंदन या संशोधकांनी सत्तरच्या दशकात मरळीवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाणी जितकं खोल, तितकं खाल्लेलं पोहण्यात जास्त खर्च होतं. मागूरचाही खर्च होतो, पण फेऱ्या कमी म्हणून कमी. दोघांसाठीही पाणी मीटर-सव्वा मीटर ठेवता आलं तर उत्तम. पिल्लांना तर फूटभरच पुरे, कारण हवेचा अवयव जन्मतः नसतो. मागूरमध्ये तो कामाला लागायला दहा-बारा दिवस जातात, मरळीत त्याहून जास्त. तोवर पिल्लं साध्या माशासारखीच मरतात.

एक गैरसमज दोघांच्याही बाबतीत महागात पडतो. हवा वरून घेतली तरी अमोनिया आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतूनच पाण्यात सोडावा लागतो. हिरव्या पाण्याचा सामू दुपारी ९ च्या वर गेला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो आणि मासा वर येऊन हवा घेत असूनही मरतो. खाद्य कमी करून थोडं पाणी बदलणं, एवढाच त्यावर उपाय.

आता बाजार. तो मरळीचाच आहे, यात वाद नाही. काटे कमी, जिवंत विकली जाते, आठ-दहा महिन्यांत पाऊण किलोपर्यंत भरते. मागूर तेवढ्याच काळात शंभर-सव्वाशे ग्रॅम. थंडीत अंगावर जखमा पाडणारा रोग मरळीला आधी धरतो, पण निव्वळ भावावर ठरवायचं तर मरळ जिंकते.

आमच्यापुरता निकाल लागला तो निवडणीवर. मरळ आपल्या निम्म्या लांबीचं भावंड डोक्याकडून गिळते. जरा मोठं निघालं तर ते घशात अडकतं आणि दोन्ही मरतात. म्हणून बोटभर पिल्लांपासून वीतभर होईपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी लहान-मोठी वेगळी करावी लागतात. मातीच्या उथळ तळ्यात हे जमून जातं. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, ओढजाळ्याची खालची दोरी कागदाच्या घडीत अडकते. जाळ्याच्या घोळात खाली दबलेली मरळ वर येऊ न शकल्याने चक्क पाण्यात गुदमरते. हापा, म्हणजे तळ्यात बांधलेला जाळीचा पिंजरा, लावून निवडणी सोपी होते खरी, पण हाप्याचं झाकण पाण्यापासून वीतभर वर ताणलेलं हवं. ते सैल पडून पाण्याला टेकलं की सकाळी आतली मरळ मेलेली असते.

मागूर एकमेकांना खातच नाही असं नाही, पण खाद्य वेळेवर असेल तर एक-दोन निवडण्यांत भागतं. त्याची मोठी तक्रार म्हणजे तो चिखलात घुसतो, जाळ्यात येत नाही, तळं कोरडं केल्याशिवाय हाती लागत नाही. प्लॅस्टिकमध्ये चिखल नावापुरता, आणि पिकाला पाणी देता देता मेमध्ये तळं आपोआप रिकामं होतं. पावसाळ्यात मात्र पाणी आत येतं त्या बाजूने तो सरपटत निघून जातो. काठाभोवती दीड फूट उंच जाळी उभी करून तिची खालची कड मातीत गाडावी.

तळं मातीचं असेल, निवडणीला माणसं असतील तर मरळ घ्यायला हरकत नाही. प्लॅस्टिकच्या तळ्यात आम्ही मागूरच सुचवू, बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, खात्रीचं मिळालं तर. या माशाचं वीर्य पोट दाबून निघत नाही, नर कापावा लागतो, म्हणून बीज कमी तयार होतं आणि त्या टंचाईत थाई मागूर हा परदेशी मासा देशी म्हणून खपवला जातो. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. इवल्या पिल्लांत दोघांतला फरक डोळ्यांनी ठरवायला जाऊ नये. बीजकेंद्रावर जाऊन आधी पैदाशीच्या मोठ्या नर-मादी बघाव्यात, मगच बीज उचलावं.