एसटीयूएसबी४५०० या पॉवर डिलिव्हरी कंट्रोलरचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचे लहान युनिट भोसरीत आहे आणि पाण्याची प्रत जागेवर तपासणारे एक उपकरण आम्ही तयार करतो. त्यातल्या नमुना ओढणाऱ्या पंपाला १२ व्होल्ट लागतात, म्हणून पूर्वी आम्ही गोल पिनेचा अडॅप्टर देत असू. तो हरवला की माणसे हाताशी येईल तो अडॅप्टर लावत, अगदी लॅपटॉपचा १९ व्होल्टचासुद्धा, आणि जळालेले बोर्ड दुरुस्तीला परत येत. नव्या आवृत्तीत यूएसबी-सी घेण्याचे हेच कारण.

कंट्रोलर, म्हणजे चार्जरशी बोलून हवे ते व्होल्टेज मागणारी चिप, निवडण्याआधी व्होल्टेज ठरवावे लागले. पॉवर डिलिव्हरीच्या (यूएसबी-सीवरून जास्त व्होल्टेज मागून घेण्याच्या पद्धतीच्या) नियमांत ५, ९, १५ आणि २० ही ठरावीक व्होल्टेजे आहेत. १२ व्होल्ट ऐच्छिक असल्याने काही चार्जर ते देतात आणि काही देत नाहीत. म्हणून १५ व्होल्ट मागून बोर्डावरच बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटने) १२ करण्याचे ठरवले. २७ वॉटच्या वरच्या चार्जरने १५ व्होल्ट देणे अपेक्षित असल्यामुळे ३० वॉटचा कोणताही नीट बनवलेला चार्जर आम्हाला पुरतो.

त्यानंतर आम्ही चार चिपा तपासल्या. सीएच२२४के स्वस्त आहे आणि एका रेझिस्टरने त्याचे व्होल्टेज ठरते, परंतु चार्जरने किती अँपिअर कबूल केले हे मायक्रोकंट्रोलरला त्यातून वाचता येत नाही. सीवायपीडी३१७७ मध्ये किमान व कमाल व्होल्टेज आणि करंट रेझिस्टरनीच ठरवता येतात, प्रोग्रामिंग लागत नाही. ज्यांना उत्पादनात एक पायरी वाचवायची आहे त्यांनी तो आधी पाहावा. एफयूएसबी३०२ वर आम्ही पहिला नमुना बनवला. त्यात चार्जरशी होणारी सगळी बोलणी आपल्या फर्मवेअरने (उपकरणातल्या प्रोग्रामने) करायची असतात, आणि चार्जरने आपली यादी पाठवल्यावर सुमारे ३० मिलिसेकंदांत मागणी गेली नाही तर तो हार्ड रीसेट करून, म्हणजे बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करून, व्हीबसचा (यूएसबीतून वीज आणणाऱ्या ओळीचा) पुरवठा काही काळ तोडतो. आमचे फर्मवेअर त्याच वेळी मेमरी कार्डवर नोंद लिहीत असले की उत्तराला उशीर होई आणि उपकरण बंद पडे. दोष आमच्या कोडच्या रचनेचा होता. तो दुरुस्तही झाला असता, पण बॅटरी नसलेल्या उपकरणाचा वीजपुरवठा आपल्याच फर्मवेअरच्या वक्तशीरपणावर टांगून ठेवणे मला पटले नाही.

एसटीयूएसबी४५०० ही बोलणी स्वतः करतो, मागण्या स्वतःच्या कायम स्मृतीत ठेवतो आणि ठरलेला करार आयटूसीवरून (चिपांमधल्या दोन तारांच्या संपर्कावरून) वाचू देतो. शिवाय सीसी पिनांना (चार्जरशी बोलणी ज्यांवरून होते त्या पिनांना) चुकून व्हीबसचा स्पर्श झाला तरी २२ व्होल्टपर्यंत त्या तग धरतात, आणि धुळीने व ओलाव्याने भरलेल्या सॉकेटबाबत ही गोष्ट माझ्या दृष्टीने किमतीइतकीच महत्त्वाची आहे.

त्यात तीन मागण्या नोंदवता येतात. पहिली नेहमीच ५ व्होल्टची असते, दुसरी आम्ही ९ ची आणि सर्वांत वरच्या प्राधान्याची तिसरी १५ ची ठेवली. चार्जरकडे मागितलेले व्होल्टेज आहे पण करंट कमी आहे, तर ती मागणी जुळत नाही आणि चिप खालच्या पायरीवर उतरते. आम्ही सुरुवातीला मोठ्या मनाने २ अँपिअर लिहिले होते आणि दोन-तीन चार्जरांवर पंप विनाकारण बंद राहत होता. प्रत्यक्ष गरज मोजून दीड अँपिअर लिहिल्यावर ते चालू लागले. ५ व्होल्टपेक्षा जास्त मिळाल्याशिवाय पुरवठा जोडूच नये अशी सोयही चिपमध्ये आहे, ती आम्ही मुद्दाम वापरली नाही. १५ व्होल्ट न मिळाल्यास पडदा आणि संवेदक चालू राहतात, पंप थांबतो आणि ‘चार्जर अपुरा आहे’ असा संदेश दिसतो. कंट्रोलर निवडताना हवे ते मिळाल्यावर काय होते यापेक्षा, न मिळाल्यावर वापरणाऱ्याला काय दिसते याचा विचार आधी करावा, असे मला आता ठामपणे वाटते.

तीन ठिकाणी वेळ गेला. बॅटरी नसलेल्या उपकरणात चिपच्या सीसी१डीबी आणि सीसी२डीबी या पिना सीसी ओळींना जोडाव्याच लागतात. त्या मोकळ्या राहिल्या तर वीज नसताना चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. सीसीकडे दुर्लक्ष किती महागात पडते हे २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ ने सर्वांना दाखवले होते, कारण त्यात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता आणि ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी चिप) असलेल्या केबलवर तो बोर्ड सुरू होत नसे. दुसरे, आमच्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमुळे मॉसफेट (पुरवठा जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उघडताच व्हीबस कोसळे. गेटवर कपॅसिटर देऊन तो सावकाश उघडल्यावर हे थांबले.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. कोऱ्या चिपच्या मूळ मांडणीत २० व्होल्टची मागणी असते, आणि डेटाशीटमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून जिगवर (बोर्ड बसवून प्रोग्राम करण्याच्या साच्यावर) आयटूसीने मांडणी लिहून ती परत वाचून पाहिल्याखेरीज आमच्याकडे कोणत्याही बोर्डाला पॉवर डिलिव्हरीचा चार्जर लावत नाहीत. बक कन्व्हर्टरही सावधगिरी म्हणून २० व्होल्ट सहज सोसणारा निवडला आहे.

एक अडचण अजून शिल्लक आहे. अनेक सॉकेट असलेल्या काही चार्जरांत शेजारी फोन लावला की वॉटची वाटणी नव्याने होते आणि त्या क्षणी व्हीबस पूर्ण तुटतो. यावर कोणत्याही सिंक (वीज घेणाऱ्या बाजूच्या) कंट्रोलरकडे उपाय नाही, म्हणून आम्ही चालू मोजणीची नोंद दर पाच सेकंदांनी जपून ठेवतो आणि पुन्हा वीज आल्यावर तिथूनच पुढे जातो. पुढच्या बोर्डावर दोन्ही सीसी ओळींना टेस्ट पॉइंट ठेवणार आहोत, कारण या वेळी ऑसिलोस्कोपचा प्रोब लावण्यासाठी कनेक्टरच्या पिनेवर केसासारखी तार सोल्डर करावी लागली होती.