सेटवरून येणारे सर की पूर्णवेळ शिकवणारे सर?

फिल्म स्कूल बघायला गेल्यावर कॅमेरा कुठलाय हे सगळे विचारतात, तो शिकवणाऱ्याला किती कळतो हे कोणी विचारत नाही. मी दोन्ही प्रकारच्या सरांकडे शिकलोय म्हणून लिहितोय.

शूटिंग करता करता शिकवणारे सर असतात ना, त्यांचा हात मेनूवर असा फिरतो की बघत राहावं. सोनी एफएक्स६ कॅमेऱ्याला एस-लॉग३मध्ये (नंतर रंग सुधारता येतील असं फिकं रेकॉर्डिंग) बेस आयएसओ (ज्या संवेदनशीलतेवर चित्र सगळ्यात स्वच्छ येतं) दोनच, ८०० आणि १२८००, त्यामुळे रात्रीच्या सीनला ६४००वर नॉइज (चित्रातले दाणे) सहन करण्यापेक्षा सरळ १२८००वर जा आणि उजेड जास्त झाला तर एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लाव, हे त्यांनीच शिकवलं. पण शूट लागलं की लेक्चर कॅन्सल, आणि "का?" विचारलं तर "सेटवर असंच करतात".

पूर्णवेळ सरांचं उलटं. ट्यूबलाइटखाली फ्लिकर (चित्राची लुकलुक) आला तेव्हा त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणजे लाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवायचं. हे कुठल्याही कॅमेऱ्याला चालतं, मोबाइललासुद्धा! ३५ एमएम फिल्मचा ४०० फुटी रोल सेकंदाला २४ फ्रेम्सने जेमतेम साडेचार मिनिटं चालायचा म्हणून रिहर्सल किती करायचे, तेही त्यांच्याकडूनच कळलं. नवीन गिंबल (कॅमेरा हलू न देणारा स्टँड) मात्र आम्हीच बॅलन्स करायचो.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी पूर्णवेळ सरच हवेत, सेटवाले नंतर. आणि ॲडमिशनआधी डेमो लेक्चरला बसा, कंडेन्सर माइकला आवाज का येत नाही विचारा, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) लगेच आठवली पाहिजे.