अकरावीचा प्रकल्प आणि आरएसएस रीडर: सात महिन्यांनंतर

ऑगस्टपासून अकरावीच्या पर्यावरण प्रकल्पासाठी आरएसएस रीडर वापरतोय. वेबसाइटवर नवं काही आलं की शीर्षक, तारीख आणि दुवा आपोआप आणून देणारी ही सोय. (नावावरून वर्गात व्हायचा तो हशा पहिल्याच दिवशी झाला.) १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हापासून मीही हा नाद सोडला होता.

मुलांच्या अँड्रॉइड फोनवर 'फीडर' टाकला. फुकट, मुक्तस्रोत, आणि खातं काढावं लागत नाही, म्हणून पालकांची तक्रार नाही. पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय), बीबीसी मराठी वगैरेंचे फीड, म्हणजे रीडर ज्यातून नव्या नोंदी उचलतो ते पत्ते, मी घरी जमवले. त्यांची ओपीएमएल फाइल, म्हणजे रीडरला एकदम वाचता येणारी फीडची यादी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत सगळ्यांकडे एकच यादी.

खरी मजा आली ती 'ऊस आणि पाणी' हा विषय घेतलेल्या गटाची. गूगल अलर्ट, म्हणजे दिलेला शब्द नव्याने कुठे आला की कळवणारी सोय, ईमेलऐवजी फीड म्हणूनही घेता येतो, तसा 'ऊस' शब्दाचा करून दिला. आठवडाभर हाती जेमतेम काही लागेना. मग एक मुलगी म्हणाली, "सर, बातमीत तर 'उसाला दर' असं असतं ना?" डोक्यावर हात मारला. विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, हे व्याकरणात शिकलेलं मीच विसरलो होतो. उसाचा, उसाला, उसाच्या, ऊसतोड असं सगळं घातलं. मग इतका लोंढा आला की दर आणि आंदोलनांत पाणी दिसेनासं झालं. शेवटी 'ठिबक' जोडलं.

मोठी अडचण म्हणजे फीडमध्ये फक्त ताज्या नोंदी असतात. दिवाळीच्या सुट्टीत एका गटाने रीडर उघडलाच नाही, बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे फोननेही आपणहून काही आणलं नाही. मधल्या बातम्या गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून दर शुक्रवारी शीर्षक, तारीख, दुवा वहीत. जुन्या संदर्भांना ग्रंथालयच. काही ठिकाणी फीडमध्ये दोनच ओळी मिळतात, तेही चिडचिडीचं.

पण मुलं तारीख बघायला लागली. ग्रुपवर महापुराचा फोटो फिरत होता, तर एकजण लगेच म्हणाला, "सर, हा २०१९ चा आहे, सांगलीचा."

सुरुवातीला चाळीस फीड दिले होते. न वाचलेल्यांचा आकडा पाहूनच मुलं दबकली. आता नऊ आहेत. पुढच्या वर्षीही नऊच देणार, दहावा त्यांनी शोधून आणायचा.