कुत्रा जर्मनीला न्यायचाय: गुरांचा दवाखाना की खाजगी क्लिनिक?

नोकरीसाठी जर्मनी, नेदरलँड्सकडं गेलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मंडळींपैकी ज्यांना घरचा कुत्रा तिकडं न्यायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रेबीजची लस, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची नंबराची चिप), टायटर (लशीनं रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, ती तपासणी) हे शब्द एव्हाना कानावर आलेच असतील. प्रश्न उरतो तो हे सगळं करून कुठं घ्यायचं, इतकाच.

गुरांच्या दवाखान्याला कमी लेखायचं कारण नाही. म्हशी-बैल हाताळलेल्या डॉक्टरांना दांडगा कुत्रा धरणं अवघड जात नाही. खर्च नाममात्र. 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, बऱ्याच ठिकाणी लस फुकट टोचतात. मात्र लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी निघाली की डॉक्टर गावोगाव फिरतीवर असतात, आणि दवाखान्यात कंपाउंडर तेवढा भेटतो. खाजगी क्लिनिक संध्याकाळीही उघडं असतं, फोन करून वेळ घेता येते. बिल अर्थातच बरंच जास्त.

एवढ्यावर निवड करायची तर मी गुरांचा दवाखानाच सांगितला असता. पारडं फिरतं ते लसीकरणाच्या कार्डापाशी.

युरोपीय संघाच्या नियमात आधी चिप, मग लस. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण चिपच्या आधी टोचलेली लस कागदोपत्री धरतच नाहीत. म्हणजे शिबिरातली फुकटची लस कुत्र्याला रेबीजपासून वाचवते, विमानात मात्र बसवत नाही. शिवाय कार्डावर चिपचा 15 अंकी नंबर, चिप बसवल्याची तारीख, लशीचं नाव, बॅच आणि मुदत हे सगळं इंग्रजीत लागतं. सरकारी कार्ड बहुधा कन्नडमध्ये, हातानं भरलेलं. चिपच्या नंबराला त्यात रकानाच नसतो. नंतर इंग्रजी दाखला मागायला जावं तर डॉक्टरांची बदली झालेली असते. या एका गोष्टीसाठी माझा कल खाजगीकडं आहे. तिथं लशीच्या बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवतात, आणि चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी त्याच सहीनं दुरुस्त होते.

जाण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारा. पहिली, चिपचा नंबर वाचणारा स्कॅनर आहे का? चिप आयएसओ 11784/11785 प्रमाणातली हवी. बसवण्याआधी आणि बसवल्यावर, दोन्ही वेळा स्कॅन करून नंबर कार्डाशी ताडून घ्या. खांद्यांच्या मधे बसवलेली चिप पुढं खांद्याकडं सरकू शकते, म्हणून सगळीकडं स्कॅनर फिरवायला सांगा.

दुसरी, सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातला पातळ भाग (सीरम) वेगळा करणारं यंत्र, आहे का? लशीनंतर किमान 30 दिवसांनी टायटरसाठी रक्त काढतात. साध्या नळीत 4-5 मिली रक्त घ्यायचं, गोठू द्यायचं, फिरवून वरचं सीरम वेगळ्या नळीत काढायचं आणि बर्फाच्या पाकिटासोबत संघाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या प्रयोगशाळेला पाठवायचं. रक्त तसंच पार्सलनं धाडलं तर हिसक्यांनी पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि नमुना परत येतो. नळीवर चिपचा नंबर हवाच. निकाल 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा जास्त पाहिजे. पहिल्यांदाच लस घेतलेला कुत्रा इथं कमी पडू शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून महिन्याभरानं दुसरा डोस देऊन मग रक्त काढणं बरं.

रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. लस 12 आठवड्यांच्या आधी चालत नाही, तेव्हा सात महिन्यांच्या आतलं पिल्लू नेता येत नाही. बूस्टरची तारीख एक दिवसही चुकवू नका, नाहीतर टायटर पुन्हा. आणि मालकाच्या प्रवासाच्या मागंपुढं पाच दिवसांत कुत्रा गेला नाही, तर तो व्यापारी वाहतुकीत मोजला जातो.

कुत्रा देशाबाहेर न्यायचा शेवटचा सरकारी दाखला दवाखाना आणि क्लिनिक, या दोघांच्याही हातात नसतो. तो विमानतळाच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) केंद्रातून मिळतो. आपल्याला मुंबई आणि बेंगळुरू साधारण सारखंच लांब पडतं. ज्यांच्या कार्डात खाडाखोड नाही, त्यांचं तिथलं काम सोपं होतं.

खानापूरच्या आतल्या गावांत स्कॅनरवालं क्लिनिक जवळ नसेल, तर चिप आणि रेबीजची लस तेवढी बेळगावात करून घ्या. जंताचं औषध, गोचिडांचा ताप, किरकोळ जखमा यासाठी गावातला गुरांचा दवाखाना पुरेसा आहे.