एकच विकर, दोन परजीवी: पीजीके जनुकाची तुलना

फॉस्फोग्लिसरेट कायनेज, थोडक्यात पीजीके, हे ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतलं विकर (एन्झाइम). मलेरियाच्या प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरममध्ये त्याचं एकच जनुक आहे आणि विकर पेशीद्रवात काम करतं. या परजीवीत प्रत्येक जनुकाला साधारणपणे स्वतःचा प्रवर्तक, म्हणजे आरएनए बनवणं सुरू करणारा डीएनएचा भाग, असतो, त्यामुळे कधी किती आरएनए बनवायचा हे बरंचसं तिथेच ठरतं.

आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी मात्र थक्क करतो. त्याच्याकडे पीजीकेची ए, बी, सी अशी तीन जनुकं एकापाठोपाठ एक आहेत. ती एकाच लांब आरएनएत उतरतात. मग तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ३९ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या 'अक्षरांचा') तोच ठरलेला अंश जोडला जातो. म्हणजे तिघांचं लेखन एकत्रच होतं! फरक पडतो तो पुढे, कुठला आरएनए टिकतो यावर, आणि त्याची बरीचशी सूत्रं आरएनएच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात असतात. हा रोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीच्या आतड्यात पेशीद्रवातलं बी वरचढ, तर सस्तन प्राण्याच्या रक्तात ग्लायकोसोम या कप्प्यात जाणारं सी. कप्प्याचा पत्ता सी प्रथिनाच्या शेपटीत लिहिलेला असतो. रक्तातल्या रूपात पेशीद्रवातलं पीजीके मुद्दाम बनवायला लावलं, तर परजीवीची वाढच खुंटते.

औषधाचं लक्ष्य म्हणून मला ट्रिपॅनोसोमाच अधिक आशादायक वाटतो: माणसात ग्लायकोसोम नसतात, आणि रक्तातला हा परजीवी ऊर्जेसाठी जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवरच विसंबून असतो.