चार्ल्सटनची घोडागाडी आणि आमचे ५३२ डॉलर

अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये बग्गीच्या खोट्या तिकिटांत आम्ही फसलो. आकडे आधी देते, म्हणजे "थोडक्यात वाचलात" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. चार मोठ्यांचे ४८ प्रमाणे १९२, दोन मुलांचे ३० प्रमाणे ६०, 'रूट पास' नावाच्या थापेचे माणशी २० म्हणजे १२०, "परत मिळणारं" डिपॉझिट १००, आणि वेळ बदलण्याचे माणशी १०, म्हणजे ६०. एकूण ५३२ डॉलर. याचे रुपये किती होतात हे सासूबाईंना सांगायची आमची अजून हिंमत नाही.

सासू-सासरे आले होते, लाँग वीकेंड होता, आणि शार्लटहून चार्ल्सटन काही लांब नाही. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, लहानपण गिरगावातलं. व्हिक्टोरियावर, म्हणजे मुंबईच्या घोडागाडीवर, त्यांचा जीव. २०१५ साली हायकोर्टाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्याची हळहळ ते आजही करतात. तेव्हा त्यांना बग्गीत बसवायचंच, हे नक्की होतं.

फोनवर शोधलं. पहिलीच साइट आली ती तिकिटांची "अधिकृत खिडकी" म्हणवणारी. फोटो झकास, खाली ढीगभर पाच तारे. नंबर लावला तर पलीकडचा माणूस इतका अदबशीर की विचारू नका. वडीलधारे आहेत का? मग बुटक्या पायरीची गाडी देतो. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी त्याने केली, जी आमच्या डॉक्टरनेही कधी धड केली नव्हती. पैसे मात्र कार्डाने नकोत, बँकेच्या ॲपमधून थेट एका बाईच्या नावावर पाठवा. आता म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. अहो, शार्लटमधल्या आमच्या डबेवाल्या काकूसुद्धा असेच पैसे घेतात, पोळ्यांच्या ऑर्डरपासून मोदकांपर्यंत. इथे अर्धे छोटे धंदे असेच चालतात. त्यामुळे ते मला खटकलं नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

खटकायला हवं होतं ते पुढचं. तो म्हणाला, "मॅडम, बॅटरी आणि रेनबो रो बघायचंय ना? मग रूट पास घ्या, मी गॅरंटी देतो." बॅटरी म्हणजे समुद्राकाठचे ते जुने वाडे, आणि रेनबो रो म्हणजे रंगीत घरांची ओळ. फोटोत सगळ्यांना तेच हवं असतं. मी खूश होऊन लगेच १२० पाठवले.

त्या शहराचा नियम असा आहे की बग्गीचा रस्ता गाडीवान ठरवत नाही, कंपनी ठरवत नाही आणि गिऱ्हाईक तर नाहीच नाही. सिटी मार्केटजवळ भरलेली बग्गी चौकीपाशी थांबते. तिथे हाउजीसारखं यंत्र आहे, त्यातून एक चेंडू बाहेर पडतो, आणि तो ज्या विभागाचा, तिकडेच गाडी वळते. त्या विभागाचा बिल्ला गाडीला लावतात. सगळ्या गाड्या एकाच गल्लीत घुसू नयेत म्हणून ही सोय. म्हणजे रस्त्याची गॅरंटी त्या गावात कोणी देऊच शकत नाही. जो देतो तो चोर. दोन मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं. ऑफिसच्या फिशिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे ऑनलाइन फसवणूक ओळखायच्या शिकवणीत, मला दरवेळी पैकीच्या पैकी मिळतात, आणि तिथे कोणी चेंडूबद्दल विचारत नाही!

आदल्या रात्री त्याचा फोन. उद्या पारा ९५ च्या वर जाणार, जनावरं बाहेर काढता येत नाहीत, संध्याकाळची वेळ घ्या, बदलाचे ६० डॉलर. लबाडी बघा, नियम खरा आहे. ९५ फॅरनहाइटला तिथे बग्ग्या थांबवतातच. माझ्या फोनवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज ८६ होता. नवरा म्हणाला, "अगं, तिकडे दमट असतं." पाठवले. (हे वाक्य मी त्याला जन्मभर ऐकवणार आहे.)

संध्याकाळी तबेल्यावर पोचलो. खिडकीतल्या मुलीने आमचा बुकिंग नंबर पाहिला आणि ओठ मिटून मान हलवली. असे लोक येतात म्हणाली. तिने समजावून सांगितलं, बसायला खुर्च्या दिल्या. एवढीच काय ती मदत आम्हाला मिळाली.

कारण मग सुरू झाली बँक. तासभर होल्डवर गाणी ऐकवून शेवटी उत्तर काय, तर "व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे." म्हणजे चोराने फोन हिसकावून पैसे काढले असते तर दाद मिळाली असती, गोड बोलून काढले म्हणून नाही. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते त्यांना माहीत आहे, पण सांगणार नाहीत, कारण त्या बाईची प्रायव्हसी. आमच्या गावचे पोलीस म्हणाले, फसवणूक चार्ल्सटनची, तिकडे जा. तिकडून फोनवर सांगितलं, पैसे पाठवले घरून, तिथे नोंदवा. नंबर फ्लोरिडाचा निघाला, तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं असणार. एकाने तर ही दिवाणी बाब असल्याचं सुनावलं. सरकारच्या सायबर साइटवर लांबलचक फॉर्म भरला, उलट पावती आली, पुढे सामसूम. फोनच्या नकाशावरची त्या साइटची खोटी नोंद कळवली, तर "धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही"! त्या शहरात बग्गीच्या खेचराने रस्त्यावर मुतलं तर गाडीवान तिथे खूण टाकतो आणि मागून गाडी येऊन ती जागा धुऊन जाते. आमच्या ५३२ डॉलरवर कोणी बादलीभर पाणीही ओतायला तयार नाही.

माझं चुकलं म्हणत नाही, पण तुम्ही कार्ड नको म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवा. कार्ड असतं तर निदान भांडता आलं असतं. नकाशात दिसणारा नंबर खरा धरू नका, तबेल्यावर जाऊन खिडकीवरच तिकीट काढा. "डिपॉझिट" शब्द ऐकलात की संपलं, तासाभराच्या फेरीला डिपॉझिट कसलं? आणि रेनबो रोसाठी कोणालाही पैसे देऊ नका. ती ईस्ट बे स्ट्रीटवरची १३ घरं आहेत, मार्केटपासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. आम्ही दुसऱ्या दिवशी चालतच गेलो, सासूबाईंच्या गुडघ्यांसकट.

खिडकीवर कार्डाने नवीन तिकिटं काढून बाबांना फिरवलंच. चेंडू भलत्याच विभागाचा पडला, बॅटरी दिसली नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं, ते पूर्ण वेळ खेचराच्या कानांकडे बघत होते.

ती साइट आता त्या नावाने उघडत नाही. तेच फोटो, तोच नंबर घेऊन जॉर्जियातल्या सव्हाना शहराच्या बग्ग्यांची साइट चालू आहे. सव्हानाला निघालेल्यांनी पहिला फोटो मोठा करून बघा. मागे दिसतो तो पांढरा मनोरा चार्ल्सटनच्या सेंट मायकेल चर्चचा आहे.